आष्टीचा ठाणेदार

14 ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी आपण पाच जणांना आठवतो. नांदगावचे गोविंद ठाकूर, सातपाटीचे काशिनाथ पागधरे, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी. 1942 साली 'भारत छोडो'च्या मोर्चात पोलिसांच्या गोळ्यांनी ते गेले. बोईसर-तारापूरकडच्या कितीतरी घरांत ही नावं अजून मायेनं घेतली जातात.

आज मी त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट सांगते. ती विदर्भातली, वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीची. पालघरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑगस्टला ती घडली. दिवस नागपंचमीचा.

आष्टीतही लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. तिथे ठाणेदार होते रामनाथ मिश्रा. राज्य इंग्रजांचं, पण ठाण्यातली माणसं आपल्याच देशातली. गोळीबार झाला, गावातली माणसं मेली. डोळ्यांसमोर आपली माणसं पडलेली बघून जमाव खवळला आणि ठाण्यावर तुटून पडला. ठाणेदार मिश्रा आणि त्यांचे काही शिपाई जिवानिशी मारले गेले.

गोष्ट तिथेच संपली नाही. धरपकड झाली, खटले चालले. आष्टी आणि शेजारच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरच्या कित्येकांना फाशीची शिक्षा झाली. घरोघरी बायका वाट बघत बसल्या. तेव्हा नागपूरच्या अनसूयाबाई काळे उठल्या. या कैद्यांचे जीव वाचावेत म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. शेवटी 1945 मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेप झाली. याच अनसूयाबाई पुढे नागपूरमधून लोकसभेवर निवडून आल्या.

निःशस्त्र लोकांवर गोळी झाडणं बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. हुतात्म्यांची जागा हुतात्म्यांचीच. पण ठाणेदारही कुणाचा तरी मुलगा होता. खाकी घालून कामावर गेलेला माणूस परत येत नाही, तेव्हा घरावर काय येतं, ते आपल्या गटातल्या पोलिसांच्या घरच्या बायकांना विचारा. ड्यूटी लांबली की त्यांचे कान दाराकडेच असतात.

आपणही मोर्चे काढतो. गावठी दारूची भट्टी बंद करा म्हणून ठाण्यावर जातो. साहेब ऐकत नाहीत, डोकं तापतं. अशा वेळी आष्टी आठवा. आवाज चढवा, अर्जाची पोच मागा, ऐकलं नाही तर वरच्या साहेबाकडे जा. पण गर्दीतला एखादा हात दगडाकडे गेला, तर तो आपल्यातल्याच बाईनं धरायचा. कारण दगड कुणीही मारो, कोर्टाच्या फेऱ्या आणि रिकामी चूल शेवटी बाईच्याच वाट्याला येते.

यंदा 14 ऑगस्टला पाच पणत्या लावाल, तेव्हा सहावी एक आष्टीसाठी लावा. तिथे त्या दिवशी मेलेल्या सगळ्यांसाठी.