रोग्याची कैफियत

सिन्नरच्या गतकाळाविषयी लिहावयास बसणारा मनुष्य बहुधा गोंदेश्वराच्या पंचायतनापासून आरंभ करतो, आणि त्यात वावगे काही नाही. कारण यादवांच्या उदयकाळाशी या कसब्याचा जो संबंध जोडला जातो त्याची साक्ष देण्यास ते शिल्प आजही उभे आहे, आणि शेजारच्या संगमनेरास सापडलेला दुसऱ्या भिल्लमाचा शके ९२२ चा ताम्रपट त्या साक्षीस लेखी आधार देतो. राजाने दान काय दिले, कोणास दिले, कोणत्या तिथीस दिले, हे सारे अशा ताम्रपटांतून सहस्र वर्षे टिकून राहिले. पण त्याच काळी या गावात कोण कोणत्या दुखण्याने अंथरुणास खिळला, किती दिवस तळमळला, आणि शेवटी उठला की गेला, याची एक ओळही कोणी कोरून ठेवलेली नाही. पुढे मराठेशाहीत दप्तरांचा पसारा वाढला, वतनांच्या तंट्यांत कैफियती आणि करिने लिहिले गेले, गोताच्या साक्षीने महजर झाले. तथापि त्या कागदांत रयत दिसते ती सारा भरणारी म्हणून, फिर्याद करणारी म्हणून. दुखणाईत म्हणून तिची जबानी घेण्याचे कोणा कारकुनास कारण पडले नाही.

आपल्या वैद्यकाची थोरवी येथे नाकारावयाची नाही. माधवनिदानासारखा ग्रंथ रोगाचे पूर्वरूप, रूप आणि उपशय इतक्या नेटकेपणाने सांगतो की, अनेक शतके वैद्यांचे त्यावाचून चालले नाही. परंतु तो रोगाचे वर्णन करतो. अमुक गावचा, अमुक वयाचा, अमुक धंद्याचा एक मनुष्य अमुक दिवशी आला आणि त्याचे पुढे असे असे झाले, हा तपशील त्या ग्रंथाच्या प्रयोजनातच बसत नाही. रोग्याच्या तोंडून हकिकत ऐकून ती तारीखवार लिहावी, मृत्यू आल्यास शवविच्छेदन करून आपल्या निदानाची रुजुवात पाहावी, आणि चूक निघाली तर तीही छापावी, हा शिरस्ता महाराष्ट्रात रुजला तो शिक्षणाच्या इस्पितळाबरोबर, म्हणजे १८४५ साली मुंबईत भायखळ्यास ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास लागून सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीचे रुग्णालय सुरू झाले तेव्हापासून.

त्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड हे एडिंबरोच्या तालमीत तयार झालेले गृहस्थ होते. विद्यार्थ्याने पुस्तक पाठ करून वैद्य होऊ नये, खाटेशेजारी उभे राहून व्हावे, या मताचा त्यांनी असा आग्रह धरला की, १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्यार्थी पुढे शिलालेख वाचतानाही तीच चिकित्सक दृष्टी घेऊन वावरले, असे मला नेहमी वाटत आले आहे. १८५६ साली मोरहेड यांनी हिंदुस्थानातील रोगांवरील आपली चिकित्सालयीन संशोधने दोन खंडांत प्रसिद्ध केली. ज्वर, अतिसार, यकृताचे गळू अशा रोगांची ती प्रकरणे आज चाळली असता, त्यांतील उपचार कालबाह्य झालेले दिसतात. पण रोग्यांच्या हकिकती मात्र शिळ्या झालेल्या नाहीत. वय, जात, धंदा, शहरात येऊन लोटलेले दिवस, आणि मग एकेका दिवसाचा वृत्तान्त: पोट भरण्यासाठी आलेल्या मजुराच्या आयुष्यातील शेवटचा पंधरवडा इतक्या बारकाईने लिहिला गेल्याचे दुसरे उदाहरण त्या काळच्या कोणत्याही सरकारी दप्तरात सापडावयाचे नाही.

मोरहेड यांनी शिरस्ता घातला आणि हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी त्यास कळस चढविला. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस हे नाव ठाऊक असते ते ग्रे यांच्या १८५८ च्या शरीररचनाशास्त्रातील आकृत्या काढणारा चित्रकार म्हणून. त्याच वर्षी ते मुंबईस येऊन ग्रँट महाविद्यालयात शिकवू लागले आणि पुढील तीस वर्षे त्यांनी याच मुलखात घालविली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. अनवाणी चालणाऱ्या कुणब्याच्या पायात काटा मोडावा, जखम वरून भरावी, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, पाऊल सुजून त्यास छिद्रे पडावी व त्या छिद्रांतून काळे अथवा फिकट कण बाहेर यावेत, असा एक विलक्षण रोग मदुरेकडील डॉक्टरांनी १८४० नंतरच्या दशकात वर्णिला होता. त्याचे मूळ बुरशीत आहे, हे कार्टर यांनी मुंबईच्या वैद्यकीय मंडळीपुढे १८६० च्या सुमारास मांडले आणि १८७४ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मधली कित्येक वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. बाभळीच्या काट्यांचा आणि अनवाणी पायांचा प्रदेश त्यांनी स्वतः पाहिला होता, हे त्यांच्या लेखनाचे बळ आहे. रोगास मदुरेचे नाव राहिले, शास्त्रीय नाव कार्टर यांनी दिले. ज्यांची पावले कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली गेली त्या कुणब्यांचे मात्र काहीच राहिले नाही.

पुढे १८७६ आणि १८७७ चा दुष्काळ पडला. दख्खनच्या जिल्ह्यांतून उपाशी माणसांचे लोंढे घाट उतरून मुंबईस गेले आणि त्यांच्याबरोबर एक ज्वर गेला, जो पाचसहा दिवस चढून एकाएकी उतरे आणि आठवड्याने पुन्हा उलटे. कार्टर यांनी या रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू १८७७ साली पाहिले. युरोपात ओबरमायर यांनी तत्सम जंतू त्याआधी वर्णिले होते, पण येथील ज्वर तोच आहे हे सिद्ध व्हावयाचे होते; ते काम कार्टर यांनी इस्पितळात खाटेखाटेपाशी जाऊन केले, वानरांस रक्त टोचून पाहिले, आणि ते करीत असता स्वतःही त्याच ज्वराने आजारी पडले. १८८२ साली त्यांचा ग्रंथ निघाला व विलायतेत त्यास पारितोषिक मिळाले. दुष्काळाचा इतिहास आपण छावण्यांच्या हजेरीपटावरून आणि दुष्काळ आयोगाच्या अहवालावरून लिहितो. त्या ग्रंथाकडे दुष्काळाचा दस्तऐवज म्हणून कोणी पाहत नाही, ही इतिहासकारांची उणीव मानली पाहिजे.

विसाव्या शतकात हा शिरस्ता परळला सरकला. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अध्यापक हिंदी असावेत अशी अट घातली, १९२५ साली महाविद्यालय आणि पाठोपाठ किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय उघडले, आणि तोवर जे केवळ रोगी व विद्यार्थी होते ते संशोधक झाले. दुर्मीळ रोग्याच्या नोंदीने जगास काय द्यावे याचे या रुग्णालयातील उदाहरण आता पाठ्यपुस्तकांत गेले आहे. रक्त देण्याचा प्रसंग आला असता, कोणत्याच गटाचे रक्त जुळेना, सर्वांस चालते म्हणून समजले जाणारे ‘ओ’ गटाच्या रक्तपेशीही चिकटून गोळा होऊ लागल्या, असे रोगी वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्या नजरेस आले. अशा रोग्याच्या बाबतीत चाचणीच चुकली असे म्हणून वही मिटविणे सोपे होते. त्यांनी ती मिटविली नाही. विलायतेतील तज्ज्ञांच्या साहाय्याने छडा लावला, आणि ज्या मूळ घटकावर ‘ए’ व ‘बी’ हे घटक रचले जातात तो ‘एच’ घटकच या लोकांच्या रक्तपेशींवर नाही, असे निष्पन्न झाले. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते वृत्त छापून आले तेव्हा त्यात माणसे होती अवघी तीन, पण त्या तिघांमुळे रक्तगटांच्या शास्त्राचा पाया अधिक खोल खणला गेला, आणि ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव जगभर झाले. आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एक मनुष्य या गटाचा सापडतो, आणि त्यास त्याच गटाचे रक्त लागते.

तिघांची नोंद जगात गाजली, हे मोठेच झाले. पण येथे सिन्नरच्या बाजूने एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. जे दुखणे विरळा आहे त्यास दप्तर लाभते. जे घरोघर आहे त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी प्रथम दिले ते वसंत रामजी खानोलकर होत. परळच्या महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकविणारे खानोलकर, १९४१ साली तेथे लगतच टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तिकडे गेले आणि तीनच वर्षांत त्यांनी मुखाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा छापला. ‘ओळीने आलेल्या’ या शब्दांत त्यांची सारी पद्धत सामावली आहे: चमत्कारिक तेवढे निवडावयाचे नाही, दारात येईल तो लिहावयाचा. १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह त्यांनी लोकांच्या वापरातील सवयींमुळे होणाऱ्या कर्करोगांवर लिहिले, त्यात धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी काचल्यामुळे कमरेच्या त्वचेवर उद्भवणारा कर्करोगही होता. लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांचा रोग पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली काजळीशी जोडला, त्याच तोडीचे हे निरीक्षण आहे. मग १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तंबाखूचा निवाडा मांडला: चघळणाऱ्याचा रोग मुखाच्या पुढल्या भागात, ओढणाऱ्याचा जिभेच्या मुळाशी आणि घशात. ओढणारे म्हणजे मुख्यतः बिडी ओढणारे होते.

आणि बिडी म्हटली की सिन्नर आलेच. पर्जन्यछायेतला हा तालुका. शेतीचा भरवसा नाही, म्हणून विसाव्या शतकात येथे बिडीचा धंदा असा फोफावला की, उंट छापाच्या कट्ट्याने गावाचे नाव खेडोपाडी नेले. टेंभुर्णीचे पान रात्री भिजवावे, सकाळी कातरावे, मांडीवर सूप घेऊन चिमूटभर तंबाखू पानात भरावी, वळावी, तोंड दुमडावे, दोरा बांधावा, आणि हजाराच्या हिशेबाने माल कारखान्यात नेऊन द्यावा, तेथे छाट म्हणून काही बाजूस पडावा: हे काम येथील बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. या धंद्याची मजुरी मात्र दप्तरात पुरेपूर उतरली आहे. सिन्नरची बिडी कंपनी आणि संगमनेर-अकोले तालुक्यांतील बिडी कामगारांची युनियन यांच्यातील किमान वेतनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल वकील आजही दाखल्यास काढतात. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा झाला. मजुरीचा दर, सुट्टी, परवाना, उपकर, सर्वांची कलमे झाली.

ओढणाऱ्याच्या घशाची हकिकत परळला लिहिली गेली. वळणारीच्या छातीची, पाठीची, बोटांची आणि डोळ्यांची हकिकत लिहिण्यास फार उशीर लागला. तंबाखूतील निकोटिन कातडीतून अंगात भिनते, तिची धूळ श्वासाबरोबर जाते, हे आता शास्त्राने मान्य केले आहे; मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिडी वळणाऱ्या कामगारांच्या मूत्राची तपासणी करून, स्वतः न ओढताही त्यांच्या शरीरात तंबाखूच्या खुणा उतरतात, असे १९९१ च्या सुमारास दाखविले. हा अभ्यास मोलाचा, पण तो प्रयोगशाळेचा. एकाच ओट्यावर तीस वर्षे बसलेल्या स्त्रीचा खोकला कोणत्या साली सुरू झाला, हे जो डॉक्टर त्या गल्लीत राहतो त्यासच लिहिता येईल.

ते तालुक्याच्या ठिकाणी बसून लिहिता येत नाही, असे म्हणण्यास आता जागा नाही. हिंमतराव बावस्कर हे कोकणात महाडच्या परिसरात सरकारी नोकरीत असता, विंचवाच्या दंशाने मुले मरतात हे सर्वांस ठाऊक असलेले आणि म्हणूनच कोणी न लिहिलेले दुखणे त्यांनी रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसून टिपले. घाम, थंड पडणारे हातपाय, मग हृदयाचा थकवा आणि फुप्फुसांत पाणी, हा क्रम त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या गोळीचा उपयोग दाखवून असंख्य जीव वाचविले. त्यांच्यापाशी मोठे इस्पितळ नव्हते. वही होती, आणि मोरहेड यांनी घालून दिलेला शिरस्ता अंगी बाणलेला होता.

आज महाराष्ट्राचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ नाशकास आहे. १९९८ पासून राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार तेथून चालतो, आणि सिन्नर तेथून हाकेच्या अंतरावर आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध लिहावाच लागतो. त्यांपैकी दरसाल एकाने तरी सिन्नरला यावे, बिडी वळणाऱ्या शंभर स्त्रिया ओळीने, न निवडता, लिहून काढाव्यात, आणि त्या हकिकतींची एक मराठी प्रत, नावे वगळून, गावच्या वाचनालयात ठेवावी, एवढी विनंती विद्यापीठाच्या चालकांस आहे. धंदा उतरणीस लागला आहे आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत नव्या पिढीस निराळी कामे मिळू लागली आहेत. तेव्हा हे काम करावयाचे तर जुन्या हातांच्या बायका सांगावयास आहेत तोवरच करावे लागेल.