वस्तऱ्याची मूठ

जोगेश्वरीतल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत मागे एका काकूंनी पिशवीतून जुना वस्तरा काढला. घराणं नाभिकाचं, वस्तरा सासऱ्यांचा. पातं शाबूत होतं, पण लाकडी मूठ उभी तडकली होती. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं दुकानाचे टॉवेल मी धुतले, पण ह्याला हात लावायची मुभा नव्हती."

मूठ बदलायला आम्ही ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एका सुतारदादांकडे गेलो. त्यांनी मोडक्या पलंगाची शिसवी फळी निवडली. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, मागाहून वाकत नाही. त्यातून सहा इंच लांबीच्या दोन पातळ पट्ट्या कापल्या. दोन्ही एकमेकींवर चिकटवून एकदमच कानस मारली, भोकंही एकदमच पाडली, म्हणजे दोन्ही बाजू अगदी सारख्या. मग पट्ट्या सोडवून काचपेपरने घासल्या. शेपटाकडे दोहोंच्या मध्ये छोटी पाचर बसवली. पितळेची बारीक तार आरपार घालून दोन्ही टोकांना चकत्या लावल्या आणि हलक्या हातोडीने ठोकून रिबिट केलं. जोरात ठोकलं तर लाकूड चिरतं, सैल राहिलं तर पातं डुगडुगतं. शेवटी पाण्याने लाकूड फुगू नये म्हणून जवसाचं तेल चोळलं.

सगळ्यात अवघड काम पुढेच होतं. मिटल्यावर पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध यायला हवं. धार लाकडाला घासली तर धारही जाते आणि मूठही. म्हणजे मूठ हा नुसता धरायचा दांडा नाही, ते पात्याचं म्यानही आहे.

लोखंडाची धार लाकडाने जपायची ही रीत फार जुनी. सुश्रुतसंहितेत वैद्याच्या शस्त्रांना धार लावायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड सांगितला आहे आणि ती धार राखायला सावरीच्या लाकडाची फळी. पुढे इंग्लंडच्या शेफिल्डचे आणि जर्मनीच्या झोलिंगेनचे वस्तरे जगभर गेले. त्यांच्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या, हस्तिदंताच्या, लाकडाच्या आणि नंतर सेल्युलॉइडच्या असत. १९०३ साली अमेरिकेत जिलेटचं ब्लेड बदलायचं रेझर विकायला आलं. आपल्याकडे १९८६ साली एचआयव्हीची लागण पहिल्यांदा आढळली आणि त्यानंतरच्या काळात दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावायची पद्धत रुजली. ते योग्यच झालं. पण त्याबरोबर लाकडी मूठ धोपटीतून गेली.

मैत्रिणींनो, या वस्तऱ्याशी बायकांचं एक जुनं दुखणं जोडलेलं आहे. ब्राह्मण घरांत नवरा वारला की बाईचं केशवपन करत. कोवळ्या वयाच्या मुलीही त्यातून सुटत नसत. नाभिकाला बोलावणं जाई. बाईला विचारायचा प्रश्नच नव्हता. १८९० साली मुंबईत काही शे नाभिक सभेला जमले. सत्यशोधक समाजाचे आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. विधवांच्या डोक्याला यापुढे वस्तरा लावायचा नाही, असं त्या सभेत ठरलं. प्रथा एका दिवसात थांबली नाही. पण ज्यांच्या हातात मूठ होती त्यांनीच 'नाही' म्हटलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळकतीवर पाणी सोडून म्हटलेलं ते 'नाही' होतं.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी दुसरी गोष्ट घडली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हासूरसासगिरी गावच्या शांताबाई यादव. १९८०च्या दशकात नवरा गेला, पदरात चार लेकी. शांताबाईंनी नवऱ्याचा वस्तरा उचलला. लोक हसले, नावं ठेवली. त्या गावोगाव पायी फिरल्या, माणसांची दाढी केली, म्हशीही भादरल्या आणि त्यावरच लेकी वाढवल्या. एकेकाळी जो वस्तरा विधवेच्या डोक्यावर चालायचा, तोच एका विधवेने हातात धरला आणि संसार तारला.

सुतारदादांनी वस्तरा आधी काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पातं मधोमध बसत होतं. "हलका आहे गं," एवढंच त्या म्हणाल्या.

तुमच्या घरातही एखादं अवजार असेल, जे बायकांनी आजवर नुसतं धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. पुढच्या बैठकीला ते घेऊन या. कुणी घडवलं, कुणी वापरलं, मूठ कशाची आहे, ते एकमेकींना सांगा. आणि एकदा ते स्वतःच्या हातात धरून बघा.