चित्रांचा कारखानदार : जॉन रँडॉल्फ ब्रे

कलेच्या इतिहासांत कलावंताचें नांव टिकतें, कारभाऱ्याचें टिकत नाहीं. नाटकमंडळ्यांच्या जुन्या चालकांची आठवण आज कितीजणांना आहे? ज्या कलेला आपण ॲनिमेशन म्हणतों तिच्या बाबतींतहि असेंच घडलें आहे. वॉल्ट डिस्नेचें नांव घरांतल्या पांच वर्षांच्या मुलालाहि ठाऊक असतें; परंतु डिस्ने या धंद्यांत शिरला तेव्हां धंद्याची घडी ज्यानें अगोदरच बसवून ठेविली होती, त्या जॉन रँडॉल्फ ब्रेचें नांव अभ्यासकांपलीकडे फारसें कोणी घेत नाहीं.

ब्रेचा जन्म १८७९ सालीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, ॲडिसन या लहानशा गांवीं झाला. बाप धर्मोपदेशक. मुलगा मात्र चित्रें काढीत न्यूयॉर्कला पोंचला, वृत्तपत्रांत काम करूं लागला, आणि अस्वलांच्या एका विनोदी चित्रमालेमुळें त्याला थोडेंबहुत नांवहि मिळालें. येथवर त्याच्या चरित्रांत विशेष असें कांहीं नाहीं.

या कलेंतली अडचण समजल्यावांचून त्याच्या पुढच्या कामाचें महत्त्व कळणार नाहीं. त्या काळच्या मूकपटांत दर सेकंदाला सुमारें सोळा चित्रें पडद्यावर सरकत. म्हणजे एका मिनिटाच्या खेळाला हजाराच्या आसपास चित्रें हवींत. विन्सर मॅके या असामान्य चित्रकारानें १९११ सालीं आपल्या पहिल्या चित्रपटासाठीं सुमारें चार हजार चित्रें स्वतः काढलीं. १९१४ सालीं पुरा झालेल्या ‘गर्टी’ या त्याच्या डायनोसॉरच्या चित्रपटांत तर मागचे डोंगर, तळें, दगड हें सारें प्रत्येक कागदावर पुन्हां पुन्हां गिरवावें लागे, आणि तेवढ्यासाठीं त्यानें एक तरुण मदतनीस घेतला होता. गर्टी स्वस्थ उभी असतांहि मागच्या रेषा किंचित् थरथरतात. पाहणाऱ्याला ती थरथर गोडच वाटते. पण ज्याला महिन्याच्या महिन्याला नवा चित्रपट पुरवावयाचा आहे त्याला अशी चैन परवडत नाहीं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ सालीं केलेली ‘आगकाड्यांची मौज’ हाहि एका माणसाच्या चिकाटीचाच खेळ होता.

ब्रेचा पहिला चित्रपट १९१३ चा. त्यांत कागदावरचा कुत्रा चित्रकाराची पाठ वळतांच सॉसेज खातो आणि खातां खातां शेवटीं फुटतो. पाथे कंपनीला तो पसंत पडला. मग ‘कर्नल हीझा लायर’ नांवाच्या एका थापाड्या वृद्धाची मालिका सुरू झाली. रूझवेल्टसाहेबांच्या आफ्रिकेंतील शिकारीची ती थट्टा होती. मालिका म्हटली कीं मुदत आली, आणि मुदत आली कीं एकट्याचा हात पुरत नाहीं. ब्रेनें युक्ति काढली : न हालणारा देखावा एकदांच काढून अनेक कागदांवर छापून घ्यावयाचा, आणि हालणारी आकृति तेवढी निराळी काढावयाची. या पद्धतीचें पेटंट त्याला ऑगस्ट १९१४ मध्यें मिळालें. अर्ल हर्ड नामक दुसऱ्या चित्रकाराची कल्पना याहून सरस होती. त्यानें आकृति पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर काढून तो ताव देखाव्यावर ठेविला. हाच पुढें प्रसिद्धीस आलेला ‘सेल’. ब्रेनें हर्डशीं स्पर्धा केली नाहीं, भागी केली. दोघांचीं पेटंटें एका कंपनींत गेलीं, आणि १९३२ सालीं मुदत संपेपर्यंत त्या पद्धतीनें काम करणाऱ्या अमेरिकन चित्रशाळांना तिचा परवाना घ्यावा लागे.

येथें एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. मॅके आपली रीत कोणापासून लपवीत नसे. ब्रे वार्ताहर म्हणून त्याच्याकडे गेला, सर्व पाहून आला, आणि पुढें पेटंटांच्या जोरावर उलट मॅकेवरच त्यानें दावा लाविला, अशी हकीकत सांगतात. दावा फसला. मोकळेपणानें दिलेल्या विद्येवर कुंपण घालणें मला क्षम्य वाटत नाहीं, मग कायदा कांहींहि म्हणो.

तथापि नुसता कुंपण घालणारा म्हणून त्याला निकालांत काढणें हाहि अन्याय होईल. त्याच्या चित्रशाळेंत कामाची वांटणी झाली : कोणी मुख्य हालचाली काढी, कोणी शाई फिरवी, कोणी छायाचित्रें घेई. कचेरी त्याची पत्नी मार्गारेट सांभाळी, आणि ती नवऱ्याहून हिशेबांत पक्की होती असें म्हणतात. पॉल टेरी, मॅक्स फ्लायशर, वॉल्टर लँट्झ हे पुढें नांवारूपाला आलेले तिघेहि ब्रेकडे काम करून गेले. पहिल्या महायुद्धांत त्यानें सैनिकांच्या शिक्षणासाठीं चित्रपट केले. हालत्या रेषेनें यंत्राचें अंतरंग दाखवितां येतें हें त्यानें फार लौकर ओळखलें होतें. शिक्षक या नात्यानें मला त्याचें हें काम कर्नलच्या थापांहून मोठें वाटतें.

विचित्र एवढेंच कीं जीं माणसें त्यानें पदरीं ठेविलीं तींच पुढें निघून गेलीं. फ्लायशर १९२१ सालीं आपली शाई आणि आपला विदूषक घेऊन बाहेर पडला. ब्रेनें १९२० सालीं ‘थॉमस कॅट’ हा रंगीत चित्रपटहि करून पाहिला, पण खर्च झेपेना. १९२८ सालीं डिस्नेच्या उंदराला कंठ फुटला त्या सुमारास ब्रेनें करमणुकीचे चित्रपट सोडून दिले होते. शिक्षणाचे व उद्योगधंद्यांचे मात्र तो पुढें कित्येक वर्षें काढीत राहिला.

१९९० च्या सुमारास डिस्नेच्या चित्रशाळेंत सेल जाऊन संगणक आला. तरी देखावा एका थरावर, आकृति दुसऱ्या थरावर, ही मांडणी संगणकांतहि तशीच आहे. ब्रे ऑक्टोबर १९७८ मध्यें नव्याण्णव वर्षांचा होऊन वारला. मॅके १९३४ सालीं, डिस्ने १९६६ सालीं व फ्लायशर १९७२ सालीं त्याच्या आधींच गेले होते. आणि चित्रशाळांतून तेव्हां अजून पारदर्शक तावांवरच रंग भरीत होते.