अंशदायी निष्काळजीपणा (मोटार अपघात)

अपघातात इजा झालेल्या व्यक्तीची स्वतःची हयगयही त्या अपघाताला अंशतः कारण ठरणे. भारतात अशा चुकीमुळे भरपाईचा हक्क बुडत नाही. दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी होते. ट्रकच्या धडकेतील नुकसान १० लाख रुपये आणि जखमी दुचाकीस्वाराचा दोष ३० टक्के ठरल्यास त्याला ७ लाख रुपये मिळतात. म्हणून थोडी चूक आपलीही होती, या भावनेने दावाच न करणे म्हणजे न्याय्य हक्कावर पाणी सोडणे होय.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतात. घटनास्थळाचा पंचनामा, साक्षी, वाहनांची मोडतोड यांवरून दोषाची वाटणी होते. जखमीचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्या पक्षावर, बहुधा विमा कंपनीवर असते. केवळ परवाना नसणे किंवा दुचाकीवर तिघे असणे पुरेसे नाही. त्याचा अपघाताशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुक्रमे २००८ व २०२० मध्ये स्पष्ट केले.

दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्या निर्दोष व्यक्तीला इजा झाल्यास तो संयुक्त निष्काळजीपणा होय. तेथे कपात होत नाही. पूर्ण रक्कम कोणत्याही एका दोषी पक्षाकडून वसूल करता येते.

कलम १६४ नुसार चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख, तर गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात.