कौलांचे जहाज आणि घाटाची वाट

बेळगावहून गोव्याकडे निघालेली वाट पिरनवाडीशी आली की तिला फाटा फुटतो. एक रस्ता खानापूर, लोंढा करीत अनमोडच्या घाटाने खाली उतरतो. दुसरा किणये, जांबोटी, कणकुंबी अशी गावे घेत, दाट रानातून चोर्ल्याच्या घाटाकडे वळतो. घाटावरचे धान्य खाली आणि कोकणातले मीठ, मासळी, नारळ वर, अशी देवघेव या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अलीकडे या वाटसरूंत एका नव्या मंडळीची भर पडली आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरण्याचे शिक्षण घेतलेले, नुकतेच पहिले प्रमाणपत्र मिळालेले हे तरुण. प्रमाणपत्र हाती पडले की त्यांचा पहिला बेत बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे बुडालेले जहाज पाहण्याचा.

बेत मोठा मोहक आहे. त्यासाठी तांबड्या समुद्रापर्यंत जाण्याचेही कारण नाही. गोव्याचे पाणी बाराही महिने उबदार असते आणि मुरगावच्या आसपासचा समुद्रतळ तर जहाजांच्या कथांनी भरलेला आहे. त्यांतली सर्वांत गाजलेली कथा मार्च १९४३ मधील. महायुद्ध सुरू झाल्यावर एहरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे व अँफोरा हे इटालियन जहाज पोर्तुगिजांच्या तटस्थ बंदरात आश्रयाला येऊन राहिली होती. एहरेनफेल्सवरील बिनतारी यंत्रावरून इंग्रज जहाजांच्या हालचाली शत्रूला कळविल्या जातात, असा इंग्रजांचा संशय होता. तटस्थ मुलखात उघड सैन्य पाठविणे शक्य नव्हते. म्हणून कलकत्त्याच्या हौशी पलटणींतले काही मध्यमवयीन गोरे व्यापारी व कारकून ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून रात्री मुरगावात शिरले. झटापटीत एहरेनफेल्सचा कप्तान ठार झाला. खलाशांनी आपल्याच हातांनी जहाजात पाणी सोडले आणि ते पाहून बाकीच्या तिघांनीही तेच केले. पुढे १९७८ साली जेम्स लीझर याने यावर पुस्तक लिहिले आणि १९८० साली चित्रपटही निघाला. अशी कथा ऐकली की नव्या पाणबुड्याचे मन तिकडे धावते. परंतु ही जहाजे बुडाली ती वाहत्या बंदरात, आणि बंदराचे पाणी हौशी माणसाने उतरण्याचे स्थान नव्हे.

त्या मानाने फारसा बोलबाला न झालेले एक जहाज घाटमाथ्याच्या माणसाला अधिक जवळचे वाटावे. बेळगाव भागातील जुन्या घरांच्या छपरांवर जी तांबडी, खाचेत खाच बसणारी मंगळुरी कौले दिसतात, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नामक जर्मन धर्मोपदेशकाने १८६५ साली मंगळुरास नेत्रावतीच्या काठी काढला. नदीकाठची चिकणमाती, जवळच्या जंगलाचे जळण आणि दारातच बंदर, या तिन्ही गोष्टी तेथे जुळून आल्या होत्या. या कौलांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या गवती छपरांना हळूहळू रजा दिली. असाच माल भरलेले एक जहाज गोव्याच्या किनाऱ्यालगत सेंट जॉर्जच्या खडकावर फुटले. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्याचा शोध घेतला, तेव्हा लाकडी सांगाडा बहुतेक नाहीसा झालेला होता. उरली होती ती भाजलेली माती. छपराची कौले, पन्हळी कौले, फरशा, धुराड्याच्या विटा आणि, आश्चर्य असे की, ग्रीक थाटाच्या खांबांचे मातीचे तुकडे व त्यांची पानाफुलांची शीर्षे! कोणा हौशी मालकाच्या वाड्याच्या दर्शनी भागासाठी ती निघाली असतील. तो वाडा कुठे उभा राहावयाचा होता, हे त्या मातीवर लिहिलेले नाही. लिहिलेले आहे ते बासेल मिशन टाइल वर्क्सचे नाव आणि १८६५ हे साल.

या सालाने मात्र घोटाळा होतो. जहाज १८६५ साली बुडाले असे कोणी बेधडक सांगून टाकतो. ते साल कारखान्याच्या स्थापनेचे. पुढे कित्येक वर्षे निघालेल्या कौलांवर तेच उमटत राहिले. म्हणून जहाज त्या सालानंतरचे, इतकेच त्यावरून ठरते. पहिल्या महायुद्धात सरकारने मिशनचे कारखाने जर्मन मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, ही गोष्ट ध्यानात घेतली तर अलीकडची मर्यादाही हाती लागते. संशोधक हे अवशेष एकोणिसाव्या शतकातील मानतात.

जवळच्याच सुंची खडकावर याहून जुना ऐवज मिळाला. सतराव्या शतकातील त्या जहाजाच्या अवशेषांत लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात निघाले. पाणघोडा आफ्रिकेचा रहिवासी. तेव्हा त्या दातांनी कोणत्या समुद्राचा प्रवास केला हे सांगावयास दुसरा साक्षीदार नको. शंभर वर्षांवरील अशी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते. नव्या पाणबुड्याने ती पाहावी, हात मात्र लावू नये. कारण कोणता तुकडा कोठे पडला होता यावरच तर इतिहास वाचला जातो.

आता बेताचा दुसरा भाग. पहिले प्रमाणपत्र अठरा मीटर खोलीपर्यंत उतरण्याची मुभा देते. जहाजाच्या पोटात शिरण्याची देत नाही. उघड्या पाण्यात अडचण आली तर वर जाता येते, पण जहाजात डोक्यावर छप्पर असते, आणि पायाच्या एका फटक्याने गाळ उसळला की आत आलेले दारही दिसेनासे होते. ग्रँडे बेटाच्या परिसरात आजचे पाणबुडे जी जहाजे पाहतात ती उथळ पाण्यात, बाहेरून पाहण्याजोगी आहेत. हंगाम पावसाळा संपल्यानंतरचा. त्यातही हे पाणी चित्रातल्यासारखे निळे नितळ नसते. कित्येक दिवशी चार-पाच हातांपलीकडचे दिसत नाही, म्हणून सोबत्याला सोडून भटकणे सर्वस्वी वर्ज्य.

हे सारे शिकविलेले असते. गोव्याच्या वर्गात सहसा जिकडे फारसे लक्ष दिले जात नाही ती गोष्ट निराळीच आहे, आणि ती पिरनवाडीच्या माणसालाच लागू पडते.

दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नत्रवायू रक्तात व मांसात मुरतो. दाब एकदम उतरला तर, सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर व्हावे तसे, त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखू लागतात, अंगाला मुंग्या येतात आणि प्रसंगी हातपाय लुळे पडतात. एकोणिसाव्या शतकात पुलांचे पाये घालताना दाबाच्या हवेत काम करणारे मजूर याच दुखण्याने मेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ साली याने असा खचला की पुढे बरीचशी देखरेख त्याला घरातूनच करावी लागली. नत्रवायूचे बुडबुडे हेच कारण, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखविले. त्यानंतर जॉन हॉल्डेन याने पोलादी कोठडीत बोकड-शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ साली वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. दाब निम्म्यावर आला तर शरीर ते सोसते, हे त्याच्या कोष्टकांचे सूत्र होते. म्हणजे दहा मीटरवरून, दोन वातावरणांवरून, एका वातावरणावर आलेला माणूस सुखरूप राहतो. आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरील यंत्रात याच विचाराचे सुधारलेले गणित चालते.

पण हे साधे गणित समुद्रकाठी थांबणाऱ्याचे! बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास, आणि चोर्ल्याचा माथा त्याहूनही थोडा वर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी कमी. दुपारी पाण्यातून बाहेर पडून संध्याकाळी मोटारीने घाट चढणारा माणूस, शरीरातला नत्रवायू पुरता निघून जाण्यापूर्वीच, दाबाची आणखी एक पायरी उतरतो. विमानप्रवासाबद्दल पाणबुड्यांना जी ताकीद असते तिचेच हे जमिनीवरचे रूप. २००२ साली अमेरिकेत तज्ज्ञांनी ठरविलेल्या नियमानुसार एकदाच बुडी मारली असेल तर निदान बारा तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवसांच्या बुड्या असतील तर निदान अठरा तास वर जाऊ नये. हा नियम सुमारे सहाशे ते चोवीसशे मीटर उंचीइतक्या दाबाला धरून आहे. पिरनवाडी त्या पट्ट्यात खालच्या काठाने का होईना, पण येते. विमानाचे नाव नाही म्हणून ज्याला धोका वाटत नाही, तो याच ठिकाणी फसतो. दुखणे बहुधा लगेच न येता काही तासांनी, घरी पोचून जेवण झाल्यावर वर येते आणि मग ते दगदगीचे दुखणे समजून रात्र काढली जाते. अनमोडची वाट धरली तरी सुटका नाही. शेवटी घर घाटावरच आहे.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि खर्चाच्या दृष्टीने एका रात्रीच्या मुक्कामाचा. पहिल्या दिवशी पहाटे पिरनवाडी सोडून खाली उतरावे. खाली उतरण्यात या दृष्टीने काहीच अपाय नाही. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र पाहावा. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाण्यात पाय घालू नये. रात्र वास्कोत किंवा पणजीत काढावी. तिसऱ्या दिवशी सकाळी वेळ मोकळा असतो. जुन्या गोव्याची देवळे-चर्चे पाहून, वाटेत एखाद्या जुन्या घराच्या छपरावरून उतरविलेली कौले रचून ठेवलेली दिसली तर एक उलटून त्यावरचे नाव वाचावे. मग जेवण करून साखळीच्या रस्त्याला लागावे, म्हणजे दिवेलागणीच्या आत कणकुंबी मागे पडते.