मूल्यविचार (अभिकल्प म्हणजे डिझाइन, त्याच्या शिक्षणातील)

वस्तूचा किंवा सेवेचा आकार ठरवण्याआधी ‘हे कोणासाठी, आणि याची झळ कोणाला’ असे विद्यार्थ्याला विचारायला लावणारी अध्यापनरीत. पाणी, कचरा, वाहतूक अशा नागरी प्रश्नांत ती विशेष उपयोगी पडते. मराठीत ‘मूल्य’ म्हणजे किंमतही. हा घोळ वर्गात उपयोगाचाच ठरतो.

पार्श्वभूमी : अमेरिकी अभिकल्पक चार्ल्स व रे ईम्स यांच्या १९५८ च्या भारतविषयक अहवालात साधा लोटा हा उत्तम अभिकल्पाचा नमुना मानला आहे. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था (१९६१) त्यातूनच उभी राहिली. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. जर्मनीतील उल्म येथील अभिकल्प-विद्यालयात शिकलेले सुधाकर नाडकर्णी त्याच्या उभारणीत अग्रणी होते. उल्मलाच काही काळ शिकवणाऱ्या होर्स्ट रिटेल यांनी मेल्विन वेबर यांच्यासह १९७३ मध्ये मांडले, की नगरनियोजनाच्या प्रश्नांना बरोबर-चूक अशी उत्तरे नसतात.

उदाहरणे : मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरची जुनी पाणीयोजना, कुंडी भंडारा (खूनी भंडारा), या रीतीसाठी आदर्श पाठ आहे. मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे भूजल भुयारात अडवले. शंभरावर कुंड्या (विहिरीसारखे उभे खड्डे) भुयाराने जोडलेल्या आहेत. पाणी केवळ उताराने शहरात येते. पंप नाही, इंधन नाही. मात्र कुंड्या उपसण्याचे, साफ करण्याचे काम पिढ्यानपिढ्या कोणीतरी करत राहावे, हे त्यात गृहीत आहे. आराखड्यात न दिसणारे मूल्य ते हेच. २०२४ मध्ये ही वास्तू युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. वारसा म्हणून जपायची की पाणीयोजना म्हणून चालवायची, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार होतो. जवळच्या शाहपूर पट्ट्यात केळीच्या बागा आहेत. केळीला पाणी फार लागते. शहराचा नळ आणि शेतकऱ्याची कूपनलिका यांना एकाच नकाशावर मांडल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची (१९९३) परंपरा सांगणाऱ्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनसाठी रद्दीच्या पिशव्या केल्या. वस्तू क्षुल्लक; विषय कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातांचा.

मूल्यमापन : गुण कसे द्यावेत, याबाबत मतभेद आहेत.

पहा : कुंडी भंडारा, भूजल, शाश्वत विकास.