कमरेच्या मणक्यातील चकतीची शस्त्रक्रिया

कमरेच्या मणक्यातील चकतीची शस्त्रक्रिया, अर्थात डिस्केक्टॉमी, म्हणजे दोन मणक्यांमधील चकतीचा (बोलीभाषेत ‘गादी’) बाहेर सरकून मज्जातंतूवर दाब देणारा भाग काढून टाकणे होय. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लहान छेदातून केल्यास तिला मायक्रोडिस्केक्टॉमी म्हणतात. पायात उतरणारी वेदना (सायटिका) कमी करणे हा तिचा मुख्य उद्देश असतो. जुनी कंबरदुखी तिने तितक्या खात्रीने थांबत नाही.

इतिहास

सरकलेली चकती आणि सायटिका यांचा संबंध विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या १९३४ मधील शोधनिबंधामुळे सर्वमान्य झाला. १९७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाचा वापर सुरू झाल्यावर छेद लहान झाला व रुग्णालयातील मुक्काम घटला.

शस्त्रक्रियेची गरज

बहुतेक रुग्णांचा त्रास औषधे, हालचाल व व्यायाम यांनी ६ ते १२ आठवड्यांत कमी होतो. त्यानंतरही तीव्र वेदना राहिल्यास किंवा पायातील शक्ती कमी होत गेल्यास एमआरआय चाचणीच्या आधारे शस्त्रक्रियेचा विचार होतो. लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे किंवा गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे ही कॉडा इक्विना सिंड्रोमची लक्षणे असून त्यांत तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

पूर्वतयारी

रक्ततपासणी, ईसीजी व भूलतज्ज्ञांकडून तपासणी केली जाते. रक्त पातळ करणारी औषधे केव्हा थांबवायची हे डॉक्टर ठरवतात. ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते. मधुमेहींनी रक्तातील साखर नियंत्रणात आणणे व धूम्रपान सोडणे यांमुळे जखम भरण्यास मदत होते. सामान्यतः भूल देण्यापूर्वी ६ तास अन्न व २ तास पाणी वर्ज्य असते. जमिनीवर झोपण्याची किंवा उकिडवे बसण्याची सवय असलेल्या घरांत पलंग व कमोडची सोय आधीच करून ठेवणे उपयुक्त ठरते.

शस्त्रक्रियेनंतर

रुग्णाला बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवले जाते. अंथरुणातून उठताना कंबर न पिळता प्रथम कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत व हातांच्या आधाराने बसावे, असे शिकवले जाते. सुरुवातीचे काही आठवडे वाकणे, वजन उचलणे व सलग बसणे टाळून चालणे हळूहळू वाढवले जाते. बैठे काम साधारणतः २ ते ४ आठवड्यांत, तर कष्टाचे काम ६ ते १२ आठवड्यांनी सुरू करता येते.

पायातील वेदना सहसा प्रथम कमी होते. शक्ती परतण्यास अधिक काळ लागतो, तर बधिरपणा अनेक महिने टिकू शकतो. काहींमध्ये तो कायम राहतो. त्यामुळे वेदना थांबणे म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे.

संभाव्य गुंतागुंत

जंतुसंसर्ग, मज्जारज्जूच्या आवरणाला छेद जाऊन द्रव पाझरणे, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे व त्याच चकतीचा भाग पुन्हा सरकणे हे प्रमुख धोके आहेत. ताप, जखमेतून स्राव, पोटरीची सूज, पायातील नवी अशक्तता किंवा लघवी अडणे यांपैकी काही आढळल्यास त्वरित वैद्यकीय मदत आवश्यक असते.